शार्क सोडण्याआधी: प्रवाळात शार्क परत आणण्याच्या कामाचे टप्पे, राजा अंपतच्या अनुभवावरून

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआच्या पश्चिमेला राजा अंपत हा द्वीपसमूह आहे. २००१ ते २०२१ या काळात तिथे पाण्याखाली पंधरा हजार तासांहून जास्त शोधाशोध झाली. एवढ्या तासांत झेब्रा शार्क दिसल्याची नोंद झाली ती फक्त तीन वेळा. अंदाज असा होता की अख्ख्या राजा अंपतमध्ये हे मासे वीसेक उरले असावेत. आज याच पाण्यात मत्स्यालयांतल्या शार्कच्या अंड्यांतून जन्मलेली पिल्लं सोडली जातात. ‘रीशार्क’ नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाचा हा ‘स्टार’ प्रकल्प. मत्स्यालयं, विद्यापीठं, इंडोनेशियाचं सरकार आणि स्थानिक संस्था त्यात एकत्र काम करतात.

या कामाचे फोटो फार गोड असतात. पट्टेदार पिल्लू, खाली धरलेले दोन हात, निळं पाणी. ते पाहून अनेकांना वाटतं की शार्क वाढवायचे आणि समुद्रात सोडायचे, एवढंच काम आहे. प्रत्यक्षात पिल्लू हातातून सुटतं तो क्षण या कामातला सगळ्यात सोपा. म्हणून इथे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे. सागरी जीवशास्त्र शिकणारे, डायव्हिंग करणारे किंवा एखाद्या किनाऱ्यावर असं काही सुरू करावं असं मनात असणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे.

आधी ठरवा: सोडायची गरज आहे का?

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये प्राणी-वनस्पती पुन्हा निसर्गात नेण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. कामाला हात घालण्याआधी ती वाचावीत. त्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. एखादी प्रजाती त्या जागेतून पूर्ण संपली असेल तर ती नव्याने आणणं ही एक गोष्ट, आणि थोडी शिल्लक असेल तर त्यात भर घालणं ही दुसरी. राजा अंपतचं काम दुसऱ्या प्रकारातलं आहे. फरक कागदी वाटतो, पण उरलेल्या प्राण्यांना बाहेरून आलेला रोग किंवा परका वंश बाधू शकतो, त्यामुळे भर घालताना जबाबदारी वाढते.

मग तीन प्रश्न विचारा. ही प्रजाती इथे पूर्वी खरंच होती का? ती कशामुळे गेली, आणि ते कारण आज थांबलं आहे का? आणि तिसरा, जो बहुतेक जण विसरतात: कारण थांबल्यावर ती आपली आपण परत येईल का?

राजा अंपतमध्ये या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं निघालं. तिथे मासेमारीला आळा बसल्यावर काळ्या टोकांच्या पंखाचे रीफ शार्क आपोआप वाढले. त्यांच्यासाठी कुणी अंडी आणली नाहीत की टाक्या बांधल्या नाहीत. झेब्रा शार्क मात्र वाढला नाही. वीसेक मासे हजारो चौरस किलोमीटरांत विखुरलेले असतील, तर नर आणि मादीची गाठ पडणंच दुर्मीळ होतं. संख्या ठराविक पातळीखाली गेली की निव्वळ संरक्षण पुरत नाही. त्याच खाईतून बाहेर काढण्यासाठी पिल्लं सोडायची. तुमच्या प्रजातीचे काही शेकडा मासे अजून त्या पाण्यात असतील, तर टाकीवरचा खर्च गस्तीच्या बोटीवर करा. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ ठिकाणी उत्तर हेच येईल.

प्रजाती: सगळे शार्क या कामाला चालत नाहीत

झेब्रा शार्क निवडला तो देखणा आहे म्हणून नव्हे. बरेच शार्क थेट पिल्लांना जन्म देतात. हा अंडी घालतो, आणि अंडं विमानाने पाठवता येतं. तळाशी निवांत पडून राहूनही त्याला श्वास घेता येतो, त्यामुळे बंदिस्त पाण्यात तो तगतो. जगभरातल्या मत्स्यालयांत तो वर्षानुवर्षं प्रजनन करतो आहे. पाळलेल्या एका मादीने ११२ दिवसांत ४६ अंडी घातल्याची नोंद आहे. शंख, शिंपले, खेकडे, छोटे मासे हे त्याचं खाणं. अडीच मीटरपर्यंत वाढत असला तरी माणसाला त्याची भीती नाही, त्यामुळे गावकऱ्यांचं मन वळवताना अर्धं काम सोपं होतं.

उलट सतत पोहत राहावं लागणारे, दूरदूर फिरणारे किंवा वर्षाआड दोनचार पिल्लं देणारे शार्क या पद्धतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी जाळ्यांचे नियम आणि बंद क्षेत्रं हाच मार्ग.

जागतिक चित्रही डोळ्यांपुढे असू द्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लोबल फिनप्रिंट’ पाहणीत ५८ देशांमधल्या ३७१ प्रवाळ क्षेत्रांत पाण्याखाली आमिष लावलेले कॅमेरे ठेवले होते. जवळपास वीस टक्के ठिकाणी एकही शार्क दिसला नाही. एवढ्या सगळ्या जागा अंडी पाठवून भरता येणार नाहीत.

पाणी तयार आहे का, ते पाहा

राजा अंपतची निवड पिल्लांच्या जन्माच्या बऱ्याच आधी, तिथल्या माणसांनी करून ठेवली होती असं म्हणता येईल. २०१० मध्ये तिथल्या प्रशासनाने शार्क आणि पाकट यांच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली आणि पुढे तिला कायद्याचं रूप दिलं. सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. त्याच्या आत सागरी संरक्षित क्षेत्रांचं जाळं आहे आणि त्यात काही पट्टे पूर्ण बंद. तिथे गळसुद्धा टाकायचा नाही. गस्त घालणाऱ्यांत आसपासच्या गावांतली माणसं आहेत. काही काळासाठी एखादी किनारपट्टी किंवा एखादा जीव ‘बंद’ ठेवण्याची ‘सासी’ नावाची परंपरा या भागात जुनीच. त्यामुळे बंदीची कल्पना लोकांना बाहेरून लादलेली वाटली नाही.

राजा अंपतमधल्याच मिसूल बेटांवर तर शार्कचे पंख कापणाऱ्यांची छावणी जिथे होती, त्या बेटावर आता पर्यटकांचं रिसॉर्ट आहे, आणि भोवतालच्या राखीव पाण्यावर त्यांचे पहारेकरी नजर ठेवतात. या प्रकल्पाच्या दोन संगोपन केंद्रांपैकी एक इथेच आहे.

जागा तपासताना नकाशावर हिरवा रंग दिसतो म्हणून समाधान मानू नका. पुढच्या गोष्टी स्वतः पाहा: गस्तीची बोट आठवड्यातून किती वेळा निघते, तिचं डिझेल कोण भरतं, पकडलेल्यावर शेवटची कारवाई कधी झाली, आणि बंद पट्ट्याच्या लगत तळ खरवडणारे ट्रॉलर किंवा मोठी गिलनेट आहेत का. झेब्रा शार्क दिवसा वाळूवर झोपल्यासारखा पडून राहतो, त्यामुळे तो अशा जाळ्यांत सहज सापडतो. तो ज्यामुळे संपला ते कारण पाच किलोमीटरवर टिकून असेल, तर पिल्लं सोडणं म्हणजे महागडं मासळी खत घालणं.

आईबाप कोण?

हा टप्पा प्रयोगशाळेत घडतो आणि फोटोत येत नाही, पण इथे घसरलात तर पुढचं सगळं वाया.

झेब्रा शार्कच्या रानटी समूहांचा जनुकीय अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ख्रिस्टीन डजन यांनी केला. त्यातून ढोबळमानाने दोन गट पुढे आले: एक हिंदी महासागर आणि आग्नेय आशियाचा, दुसरा पूर्व इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलिया-ओशनियाचा. राजा अंपत दुसऱ्या गटात पडतं. म्हणून तिथे पाठवायच्या अंड्यांचे आईबाप त्याच गटातले असावे लागतात. ऑस्ट्रेलियन मत्स्यालयांना या कामात आधी मान मिळाला तो त्यामुळेच.

प्रत्यक्षात काय करायचं? मत्स्यालयातल्या प्रत्येक प्रौढ माशाच्या ऊतीचा छोटा तुकडा घ्यायचा, डीएनए तपासायचा आणि रानटी नमुन्यांशी ताडून पाहायचा. मग नात्यांची नोंदवही तयार करायची, म्हणजे एकाच जोडप्याची पिल्लं ढिगाने सोडली जाणार नाहीत. शंभर भावंडं सोडण्यापेक्षा दहा कुटुंबांतली दहा-दहा बरी.

या प्रजातीत एक खास अडचण आहे. मादी नराशिवायही कधीकधी पिल्लं निपजतील अशी अंडी घालते. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल इथल्या मत्स्यालयात लिओनी नावाच्या मादीने आधी नरापासून पिल्लं दिली, आणि नराला वेगळं केल्यावर काही वर्षांनी एकटीनेच दिली. शिकागोच्या शेड मत्स्यालयात तर टाकीत नर असतानाही हा प्रकार घडला. अशा पिल्लांत जनुकीय विविधता फारच कमी असते, म्हणून ती सोडण्यासाठी वापरायची नाहीत. ‘नर सोबत होता’ हा पुरावा धरू नका, पिल्लाची चाचणी करा.

किती पिल्लं लागतील हेही इथेच ठरतं. जन्म, मृत्यू, वयात येण्याचा काळ असे आकडे घालून संगणकावर समूहाचं भवितव्य मांडून पाहतात. राजा अंपतसाठी त्यातून लक्ष्य निघालं ते दहा वर्षांत ५०० पिल्लांचं. म्हणजे वर्षाला सरासरी पन्नास. तुमच्याकडे पुरवठा वर्षाला पाचसात पिल्लांचाच असेल, तर तो शाळेच्या मुलांसाठी उत्तम कार्यक्रम होईल, समूह मात्र सावरणार नाही.

अंडी: तपासणी आणि प्रवास

झेब्रा शार्कचं अंडं म्हणजे तपकिरी-काळपट, चिवट कवचाची सतरा सेंटिमीटरच्या आसपास लांबीची थैली. तिच्या बाजूंना केसांसारख्या तंतूंचे झुबके असतात, त्यांनी ती तळाशी अडकून राहते. मत्स्यालयात अंडं दिसलं की उचलून वेगळ्या टाकीत ठेवतात आणि अधूनमधून मागून प्रखर दिवा धरून पाहतात. सगळी अंडी फलित नसतात. पिवळा बलक तसाच राहिला आणि गर्भ दिसला नाही, तर काही आठवड्यांत ते अंडं बाद करायचं. कुजलेलं अंडं टाकीतलं पाणी नासवतं, त्यामुळे इथे भावनिक होऊन चालत नाही.

पिल्लू पाठवण्याऐवजी अंडं का पाठवायचं? अंडं लहान, हलकं, त्याला खायला घालावं लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे पिल्लू जन्माला येतं ते थेट स्थानिक पाण्यात, मत्स्यालयाच्या सवयी अंगी न लागता. प्रवासाची वेळ मात्र जपून निवडावी लागते. फार कोवळ्या गर्भाला हिसके मानवत नाहीत, आणि फुटायला आलेलं अंडं विमानतळावरच फुटलं तर पंचाईत. मधला काळ गाठायचा.

पॅकिंग असं: स्वच्छ समुद्राचं पाणी भरलेली पिशवी, वर प्राणवायू, आणि उष्णतारोधक खोकं. खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं की कुठे गडबड झाली ते नंतर कळतं. कागदपत्रं या सगळ्याच्या आधी: निर्यात आणि आयातीचे परवाने, पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, विमान कंपनीची लेखी संमती. पहिली अंडी २०२२ मध्ये सिडनीच्या मत्स्यालयातून निघाली. इंडोनेशियातला शेवटचा मोठा थांबा सोरोंग शहर, तिथून पुढे बोट. एकेका कनेक्शनला सहा तास उशीर होईल असं धरून पाणी आणि प्राणवायूचा हिशेब मांडावा.

पोहोचल्यावर घाई नको. पिशवीचं पाणी आणि टाकीचं पाणी यांचं तापमान, क्षारता मोजा आणि टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत जा. पिशवीतलं मूळ पाणी समुद्रात ओतायचं नाही, निर्जंतुक करूनच टाकायचं. परक्या बंदरातले सूक्ष्मजीव या मार्गाने सहज येतात.

पिल्लं वाढवणं, पण माणसाळू न देणं

दुसरं संगोपन केंद्र क्री बेटावर आहे. तिथे काम करणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना ‘शार्क नॅनी’ म्हणतात. नाव गंमतीचं, काम काटेकोर: पाण्याची चाचणी, पंपाची देखभाल, वजन, लांबी, कोणत्या पिल्लाने काय खाल्लं याची रोजची वही. बेटावर वीज गेली की पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो, म्हणून पर्यायी वीज ही या केंद्राची पहिली खरेदी असावी, मायक्रोस्कोप नंतर.

अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू साधारण फूटभर लांबीचं, त्यातला निम्मा भाग शेपटीचा. गडद अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. वाढताना हे पट्टे तुटून ठिपके होतात, म्हणून याच माशाला कित्येक ठिकाणी लेपर्ड शार्क म्हणतात. पट्टेदार पिल्लू विषारी सागरी सापासारखं दिसून शिकाऱ्यांना चकवतं, असाही एक तर्क आहे.

सुरुवातीचे दिवस पोटातल्या बलकावर निघतात. त्यानंतर खरं शिक्षण सुरू होतं. कापलेल्या माशाचे तुकडे चिमट्याने भरवले तर पिल्लू गुटगुटीत होतं आणि चिमट्याची वाट पाहायला शिकतं. त्याऐवजी टाकीच्या तळाला वाळू घाला आणि त्यात जिवंत शंख, शिंपले, छोटे खेकडे सोडा. झेब्रा शार्क तोंडाने ओढून घेऊन भक्ष्य खातो, तर त्याला वाळूत हुंगून ते सापडलं पाहिजे. हा मासा रात्री शिकार करतो, त्यामुळे खाणं संध्याकाळनंतर सोडलेलं बरं. पाहुण्यांनी टाकीत हात घालणं पहिल्या दिवसापासून बंद. देणगीदार आला तरी बंद.

पुढची पायरी समुद्रातच बांधलेल्या जाळीच्या बंदिस्त जागेची. तिथे भरती-ओहोटी, प्रवाह, गढूळ पाणी, इतर मासे हे सगळं असतं, फक्त मोठा शिकारी आत येत नाही. टाकीत उत्तम दिसणारं पिल्लू इथे आठवडाभर उपाशी राहिलं, तर ते अजून तयार नाही असं समजायचं.

सोडण्याआधी

पिल्लाने ठरवलेली किमान लांबी गाठली, स्वतः शिकार करून वजन राखलं, अंगावर जखम किंवा परजीवी नाहीत, आणि पशुवैद्यकाने सही केली, तरच यादीत नाव. या अटी आधीच लिहून ठेवा. मंत्रीमहोदयांची तारीख मिळाली म्हणून दुबळं पिल्लू सोडण्याचा मोह त्याने टळतो.

ओळखीच्या खुणा तीन लागतात. त्वचेखाली तांदळाएवढी चिप, जी मासा पुन्हा हाती आला तर वाचता येते. दुसरी ध्वनी-टॅग, जी ठराविक वेळाने सांकेतिक आवाज सोडते. समुद्रतळावर बसवलेले ग्राहक, म्हणजे आवाज टिपणारी यंत्रं, काही शे मीटरच्या टप्प्यात तो टिपतात. उपग्रह टॅगच्या मागे लागू नका. तिला संदेश पाठवायला पृष्ठभागावर यावं लागतं, आणि हा मासा तळाचा. तिसरी खूण म्हणजे साठवलेला डीएनए. फोटोवरून ओळख पटवण्याची पद्धत प्रौढांत छान चालते, कारण ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. पण पिल्लाचे पट्टे बदलतात, तेव्हा लहानपणीच्या फोटोवर पुढची ओळख अवलंबून ठेवता येत नाही.

सोडण्याचा दिवस

जानेवारी २०२३ मध्ये राजा अंपतमधल्या वायाग बेटांच्या शांत, उथळ पाण्यात पहिली पिल्लं सोडली, चार्ली आणि कॅथलिन. इंडोनेशियन सागरी शास्त्रज्ञ नेशा इचिदा यांनी ती हातातून पाण्यात सोडली. अशी जागा निवडताना वाळू, समुद्री गवत आणि प्रवाळ हे तिन्ही जवळजवळ हवेत, प्रवाह मंद हवा, आणि ग्राहक आधीच बसवलेले हवेत. पाण्यात कमीत कमी माणसं. पिल्लू तळाशी बसून राहिलं तर त्याला ढोसायचं नाही, या माशाचं ते सहज वागणं आहे. एवढंच.

नंतरची वर्षं

पहिल्या काही आठवड्यांत ग्राहकांवरच्या नोंदी वारंवार उतरवून घ्या. नोंद थांबली याचे अर्थ अनेक: मासा टप्प्याबाहेर गेला, टॅग पडली, किंवा कुणी खाल्ला. सतत एकाच जागी येणारी नोंदही शुभ नसते, टॅग तळाशी पडलेली असू शकते. रानातली झेब्रा शार्कची पिल्लं डायव्हरना क्वचितच दिसतात, त्यामुळे ती नेमकी कुठे वाढतात हे याच नोंदींतून शिकायचं आहे. त्यानुसार पुढच्या वर्षीची जागा बदलायला कमीपणा वाटू देऊ नका.

किती सोडली हा आकडा बातमीला पुरतो. कामाची कसोटी तीन पायऱ्यांची: पिल्लं पहिलं वर्ष जगली का, वयात आली का, आणि चिप नसलेलं पट्टेदार पिल्लू त्या पाण्यात दिसलं का. त्या पिल्लाच्या डीएनएवरून त्याचे आईबाप सोडलेल्यांपैकी होते का, ते कळेल. यासाठी वर्षानुवर्षं पैसे लागतात, म्हणून निधी मागताना देखरेखीचा खर्च पहिल्याच अर्जात मांडा. आणि काम कधी थांबवायचं, हेही आधीच लिहून ठेवा, यश आलं तर आणि नाही आलं तरही.

आपल्या किनाऱ्यावर?

झेब्रा शार्क भारताच्या पाण्यातही आहे. पण वर सांगितलेल्या विभागणीत आपण हिंदी महासागराच्या बाजूला येतो, तेव्हा सिडनीची अंडी मालवणला आणायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. घरच्या किंवा हॉटेलच्या टाकीतला कुठलाही शार्क परवानगीशिवाय समुद्रात सोडणं तर अजिबात नको. रोग आणि परका वंश, दोन्ही त्याच्याबरोबर जातात.

लहान प्रमाणात शिकण्यासारखं उदाहरण माल्टाचं आहे. तिथे ‘शार्कलॅब-माल्टा’चे स्वयंसेवक घाऊक मासळीबाजारात मेलेल्या कॅटशार्कच्या पोटातली अंडी काढून घेतात, टाकीत उबवतात आणि पिल्लं त्याच समुद्रात सोडतात. वंशाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. कोकणातल्या बंदरांवर मुशी, म्हणजे शार्क, रोज उतरते. कोणती प्रजाती, किती लांबीची, कोणत्या महिन्यात, अंडी घेऊन आली का, एवढी नोंद एखाद्या कॉलेजच्या गटाने सलग काही वर्षं ठेवली, तरी पुढच्या कुठल्याही योजनेला पाया मिळेल. अंडी उबवायला घेण्याआधी मात्र वनविभागाशी बोला. काही शार्क आणि पाकट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, आणि हेतू चांगला होता हे तिथे चालत नाही.

जिवंत सुटका हा मार्ग तर महाराष्ट्रात आधीच खुला आहे. देवमुशीसारखी (व्हेल शार्क) संरक्षित प्रजाती जाळ्यात अडकली आणि मच्छीमाराने जाळं कापून तिला सोडलं, तर राज्याच्या योजनेत २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात. सुटका करतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो अर्जाला लागतात, तेव्हा बोटीवरच्या एकाने चाकू घेतला की दुसऱ्याने मोबाइल काढायचा.